पोपट पाच किलो

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. नागभीडकडच्या आमच्या गावात मंडईच्या नाटकासाठी मांडव पडत होता, आणि मामा मात्र सकाळपासून बांदीत होते. धान पिकून पिवळा झाला होता. त्या उभ्या धानात ते लाखोरी फेकत होते.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. धान कापायला दोनेक आठवडे असताना, बांदीतलं पाणी उतरलेलं पण चिखल अजून ओला, अशा वेळी रात्रभर भिजवलेलं लाखोरीचं बी उभ्या पिकात फेकायचं. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, वखर नाही, वेगळं पाणी नाही. कंबरेच्या दुपट्ट्यातून मूठ भरायची आणि मनगटातून झटका द्यायचा. बी आधी लोंब्यांवर पडतं, बारीक टपटप ऐकू येते, मग खाली चिखलात जातं. धान कापून होईतो लाखोरी दोन-चार बोटं वर आलेली असते.

मी धुऱ्यावर तुरीच्या सावलीत उभी होते आणि माझ्या मोबाइलमध्ये एक यादी होती. माझी एक मैत्रीण पुण्याहून येऊन चंद्रपुरात छोटं रेस्टॉरंट काढते आहे. मांस-अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, पनीर हेही नाही. फक्त झाडापासून आलेलं. भाजीपाला विषमुक्त हवा, आणि शक्यतो एकाच ओळखीच्या शेतातून. ते शेत म्हणून मी मामांची दोन एकर परस्पर मनात धरून आले होते.

(मामांचं बोलणं मी इथे निम्मं प्रमाण करून लिहिते आहे. अस्सल झाडीबोली ‘ण’ आणि ‘ळ’ ओळखत नाही; तशीच लिहिली तर पुण्याची मैत्रीण वाचणार नाही, आणि हे तिने वाचायला हवं.)

“वाच तुही यादी,” मामा म्हणाले.

“कोथिंबीर, टोमॅटो, पालक, ढोबळी मिरची, झुकिनी, मशरूम.”

“सांबार समजला. भेदरे समजले. झुकिनी काय हाय?”

मी फोटो दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले. “दोडक्याचा मावसभाऊ दिसते. पुढे?”

“पुढे काही नाही. हेच, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. बारमाही.”

मामांचा हात थांबला. “बारमाही पाहिजे तं वावर कायले पाहिजे वं बाई? नागपूरच्या कॉटन मार्केटातून गाडी लाव. तिथं बारा महिने सारंच भेटते. वावर म्हणजे काय दुकान हाय का, शटर उघडलं की माल?”

“मशरूम तर आपल्याकडे मिळतातच ना.”

“सात्या भेटतात. पाण्यापावसात, वारुळाजवळ, नशिबानं, चार-आठ दिवस. बारमाही सात्या निघाल्या तं जग बुडालं समज.” मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पावसाळ्यात केना, पातूर, तरोटा, काटवल, बांबूचे वास्ते. दसऱ्यापासून अंबाडी आणि बरबटी. थंडीत पोपट, लाखोरीचा कोवळा पाला, वांगी. उन्हाळ्यात मोह, कैरी आणि मामीने वाळवून ठेवलेलं काय असेल ते. “हे पाहिजे का तिले? असंल तं बोल. नसंल तं तिले माहं वावर नाही पाहिजे, वावराचा फोटो पाहिजे.”

मला हे लागलं, कारण मैत्रिणीने खरंच फोटो मागितले होते.

मी जगातलं उदाहरण काढलं. पॅरिसमध्ये आलाँ पासार नावाचा मोठा आचारी आहे. मांस भाजण्यात त्याचं नाव होतं. त्यानेच २००१ साली लाल मांस ताटातून काढून टाकलं आणि भाज्यांना मधल्या जागेवर बसवलं. मग शहरापासून दूर स्वतःच्या बागा केल्या, आणि तिथली भाजी वेगवान रेल्वेने त्याच्या स्वयंपाकघरात पोचू लागली. बागेतून जे येईल त्यावर त्या दिवसाचं जेवण ठरतं.

“रेल्वेनं?” मामांना बाकी कशापेक्षा तेच भावलं. “आमची बी होती ना. नागभीड-नागपूर छोटी लाइन. टोपली घेऊन बसा, उमरेड, भिवापूर, कुठं बी उतरा. २०१९ च्या नोव्हेंबरात बंद केली, मोठी करतो म्हणून. त्या फ्रान्सवाल्याले म्हणा, तुहं बरं हाय.”

इथे मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, फ्रान्स सोडा, आपल्याच जिल्ह्यात शेत आणि स्वयंपाकघर एकाच माणसाने बांधून दाखवलं ना? आनंदवन घ्या.

बाबा आमटे वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ पन्नास एकरांवर गेले तेव्हा सोबत साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये होते, ही गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. त्यापुढची कमी सांगितली जाते. तिथे विहीर खणली, भाजी पिकली, घरी पुरून उरली, आणि मग ती कोणी घेईना. ज्या हातांना बोटं नव्हती त्या हातांची वांगी वरोऱ्याच्या बाजारात नको होती. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात राहायला आले. त्यांनी तिथे बांधकाम केलं, आणि मुख्य म्हणजे तिथलं अन्न खाल्लं. गोरे लोक खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिलं. तेव्हा कुठे गिऱ्हाईक आलं.

“म्हणजे बघा,” मी म्हटलं, “भाजी तीच होती. खाणारा बदलला म्हणून ती विकली गेली. माझ्या मैत्रिणीच्या टेबलावर शहरातली माणसं पातूर आणि केना खाऊ लागली, तर उद्या आपल्याच गावातली पोरं त्याला गरिबाची भाजी म्हणणार नाहीत.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. एक पूर्ण ओळ लाखोरी फेकून परत आले.

“तू अर्धं सांगितलं. पुढं सोमनाथ झालं ना, मूल तालुक्यात. सदुसष्टच्या सुमारास जंगलातली जमीन भेटली, बरे झालेले लोक तिथं धान पिकवू लागले. ते धान्य जाते कुठं? आनंदवनात. तिथं रोज हजारावर माणसं जेवतात, आणि जेवणाऱ्याले माहीत हाय का हे आपल्याच माणसानं पिकवलं. औंदा वांगी किडली तं तिथला माणूस उठून दुसऱ्या हॉटेलात जात नाही. तुह्या मैत्रिणीचं गिऱ्हाईक जाते. फरक हाय.”

फरक होता, आणि मला त्यावर तेव्हा उत्तर सुचलं नाही. म्हणून मी, वादात हरणारी माणसं करतात तसं, विषय त्यांच्यावर उलटवला. “तुम्ही फवारता ना पण? युरियाची पोती मी गोठ्यात पाहिली. २०१७ साली यवतमाळात फवारणी करता करता माणसं मेली, तेव्हा तुम्हीच टीव्हीसमोर बसून शिव्या घालत होता.”

“मारतो फवारा,” मामा म्हणाले. लपवणं त्यांच्या स्वभावात नाही. “तुडतुडा आला की धान चार दिवसांत जळल्यावानी होते. सोसायटीचं कर्ज काय तुहा दशपर्णी अर्क फेडते? शेजारच्यानं फवारा मारला की त्याच्या बांदीतला तुडतुडा माह्याकडं येते. मी एकट्यानं साधू होऊन काय करू?”

“म्हणूनच तर कोणीतरी जास्त भाव द्यायला तयार आहे.”

“भाव देईल. जागल देईल का?”

जागल म्हणजे रात्रीची राखण. बाहेरच्या वाचकाला हा शब्द किरकोळ वाटेल. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडे शेतीचा अर्धा हिशेब याच शब्दात आहे. भाजीपाला जंगलाच्या कडेला लावला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत महिन्याची मेहनत उलथून जातो. झटका मशीन लावा, साड्या बांधा, डबे वाजवा, शेवटी माणूस मचाणावर बसावाच लागतो. आणि ज्या अंधारात डुक्कर येतं त्याच अंधारात डुकराच्या मागे वाघही येतो. ताडोबाच्या जिप्सीत बसून पर्यटक जे पाहायला पैसे मोजतो, ते इथे मचाणाखाली फुकट उभं राहतं. विषमुक्त पालकाच्या किलोमागे या रात्रींचा भाव कसा लावायचा, हे मला कोणत्याच सेंद्रिय शेतीच्या पुस्तकात सापडलेलं नाही.

मी मैत्रिणीच्या वतीने तोडगा सुचवला. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून तेइकेई नावाची रीत आहे. शहरातली कुटुंबं शेतकऱ्याशी थेट बांधून घेतात, जे पिकेल ते घेतात, आणि वाईट वर्षाचा तोटाही वाटून घेतात. म्हटलं, मैत्रीण पेरणीआधी पैसे देईल. डुकरांनी खाल्लं तर खाल्लं, पैसे परत मागायचे नाहीत.

“पेरणीआधी?” मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “हे तुहं डोकं की तिचं?”

“माझं. तिला अजून विचारायचंय.”

“मग विचार आधी.”

तेवढ्यात मामी शिदोरी घेऊन आली. भात, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, चिरलेला कांदा. मामांसाठी एका पानात झिंग्याची कोरडी चटणी वेगळी. मी लगेच हिशेब केला, की झिंगे सोडले तर मैत्रिणीच्या नियमात बसणारं ताट समोर आहे आणि कोणी त्याला काही नाव दिलेलं नाही. हे मी बोलूनही दाखवलं. गडचिरोलीतल्या माडिया गोंडांमध्ये तर गाईचं दूध काढायची रीतच नव्हती. दूध वासराचं, माणसाने ते कशाला घ्यायचं, एवढा साधा विचार. कोसरीची आंबील, रानभाजी, मोह. शहराला जी गोष्ट आज नवी वाटते ती भामरागडच्या माणसाला विचारा, असं माझं म्हणणं.

“त्याच माणसाले हे बी विचार,” मामा घास घेता घेता म्हणाले, “का तू मासोळी सोडतो का? शिकार सोडतो का? दूध नाही खात म्हणून त्याले तुह्या मैत्रिणीच्या पंगतीत बसवू नको. आता मले एक सांग. ताटात दूध नको. मग माह्या वावरात शेण पाहिजे का नाही?”

“पाहिजे.”

“जीवामृताले गोमूत्र?”

“पाहिजे.”

“चिखलणीले बैल?”

मी गप्प.

“म्हणजे गाय पाहिजे, फक्त ताटात दिसू नये. गाय मी पाळीन, चारा मी घालीन, म्हातारी झाली की सांभाळीन मीच, आणि दूध विकलं तं मी वाईट.”

विलायतेत जनावरांच्या खताशिवाय, नुसत्या हिरवळीच्या खतावर शेती करणारे लोक आहेत, त्यासाठी वेगळं प्रमाणपत्रही मिळतं, हे मला ठाऊक होतं. धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलात तुडवता येतो, हे तर मामांनाही ठाऊक होतं. चारसूत्री भातशेतीत तेच सांगितलं होतं. मी तसं म्हटलं. त्यांनी नाकारलं नाही. फक्त म्हणाले, “पाल्यानं खत होईल. बैलाचं काम ट्रॅक्टर करंल. मग गोठा मोडू? तू सांग, मोडतो.”

या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि ‘नाही’ म्हटलं तर माझी यादी कोसळत होती.

त्यांनी मला तिथेच सोडलं नाही. “ही खालची बांदी दिसते? मागच्या साली इथं फवारा नाही मारला. पैसे नव्हते म्हणून; पुण्यासाठी नाही. भरपावसात इथं खेकडे आले. बोटाएवढ्या मासोळ्या आल्या, बगळे आले. तुह्या मामीनं बांदीच्या तोंडाशी टोपली लावून धरल्या. बेडकांनी रात्रभर झोपू नाही दिलं. आता बघ, विष बंद केलं की वावरात जीव येते. जेवढं तुह्या मैत्रिणीच्या मनासारखं वावर होईल, तेवढ्या त्यात मासोळ्या. मग वांगी तिले देतो, मासोळ्या कोणाले देऊ?”

मला वाटतं त्या दिवसाचं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं, आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. तरी मी एक गोष्ट धरून ठेवली, आजही धरून आहे. ताट म्हणजे अख्खं वावर नव्हे. कोणी फक्त वांगी घेतो म्हणाला तर त्याने मासोळीचा अपमान केला असं होत नाही. मासोळ्या मामीच्या टोपलीत जाव्यात, वांगी चंद्रपूरला. एवढंच की वांगी खाणाऱ्याने ‘माझं ताट निष्पाप’ असा फलक दाराबाहेर लावू नये, कारण त्या वांग्यामागे बैल आहे, शेण आहे, आणि मचाणावर बॅटरी घेऊन बसलेला माणूस आहे. मी हे मामांना म्हटलं. ते म्हणाले, “हे तिले लिहून दे.” देते आहे.

मग बोलणं लाखोरीवर आलं. यायलाच हवं होतं. आमच्या पायांखाली तीच होती.

मामांच्या मते मैत्रिणीला खरोखर स्थानिक काही वाढायचं असेल तर लाखोरीसारखं दुसरं काही नाही. प्रथिनं भरपूर, पाणी जवळपास नाहीच, खत नाही. कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वडे, वरण. आणि ही डाळ मैत्रीण दारात उभी करणार नाही, हे मला आधीच माहीत होतं. लाखोरीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. दुष्काळात जिथे लोकांनी महिनोन्‌महिने लाखोरीच खाल्ली, तिथे माणसं कमरेखाली लुळी पडली. दाण्यातल्या ओडीएपी नावाच्या द्रव्याचा तो परिणाम. महाराष्ट्राने ती बंदी २००८ मध्ये उठवली, पण २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांतही या डाळीचं नाव आलंच. कमी ओडीएपीची वाणं निघाली आहेत. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर द्रव्य बरंच उतरतं.

“आमची आजी पाणी फेकत होती,” मामी मध्येच म्हणाली. “कायले ते माहीत नव्हतं. फेकायचं म्हणून फेकायचं.”

“मी काय रोज तीन टाइम लाखोरी खा म्हणतो?” मामा म्हणाले. “ती लोकं उपाशी होती म्हणून तेच खाल्लं. उपाशी माणसाच्या बिमारीचं नाव डाळीवर टाकलं.”

मी म्हटलं, अर्धं बरोबर. डाळीत ते द्रव्य आहे हे खरंच आहे, आणि रेस्टॉरंट चालवणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाच्या पायांवर प्रयोग करू नये. कायद्याचा कागद स्पष्ट असल्याशिवाय तिने लाखोरी वाढू नये, असं मीच तिला सांगणार आहे. मामांना ते पटलं नाही. आम्ही ते तसंच ठेवलं.

निघताना मी शेवटचं आमिष दाखवलं. मैत्रीण भिंतीवर पाटी लावणार आहे, त्यावर शेतकऱ्याचं नाव, गावाचं नाव.

मामा हसले, पण त्या हसण्यात चव नव्हती. “दादाजी खोब्रागडे आमच्याच तालुक्यातले. नांदेड गाव, दीड एकर जमीन, तिसरी शिकलेला माणूस. १९८३ मध्ये पटेल-३ च्या धानात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. दुसरा कोणी असता तं कापून मोकळा झाला असता. त्यानं बी जपलं, वर्षांमागून वर्षं लावून पाहिलं. बारीक, चवीचा धान तयार झाला, तं एका व्यापाऱ्यानं हातातल्या घड्याळाचं नाव त्याले देऊन टाकलं. एचएमटी. मग १९९८ मध्ये विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ काढला. २००५ मध्ये कलामसाहेबांच्या हातून बक्षीस भेटलं. आणि २०१८ च्या जून महिन्यात गेला, गडचिरोलीत सर्चच्या दवाखान्यात. आता पुण्यात, मुंबईत एचएमटी तांदूळ खाणाऱ्याले विचार, कोणाचा हाय म्हणून. घड्याळाचा म्हणंल.”

“म्हणूनच नाव लिहायचं ना, मामा.”

“नावानं दादाजीचं पोट भरलं नाही, अन् नाव नव्हतं तं त्याचं धान बनवणं थांबलं नाही. माहं नाव नको लिहू. मी काय बनवलं? पाटी लावायचीच तं आज काय नाही ते लिहा. ‘आज भेदरे नाहीत, डुकरांनी खाल्ले.’ वाचू दे लोकांले.”

सूर्य तलावाच्या पाळीमागे गेला होता. मामांनी दुपट्टा झटकला, चिकटलेले चार दाणे वेचून तेही धानात टाकले. मग अगदी सहज, जणू दिवसभर दुसऱ्याच कशावर बोलणं झालं होतं, म्हणाले, “पंधरा दिवसांनी पोपट सुरू होईल. या धुऱ्यावर फवारा नाही. पाच किलो देतो पहिल्या खेपेले. भाव तिलेच सांगू दे. अन् पेरणीआधी पैशाचं विसरू नको.”

“तुह्या मैत्रिणीकडं भात दुसऱ्यांदा वाढतात का?” मामीने मध्येच विचारलं. मला माहीत नव्हतं.

बसमधून मी मैत्रिणीला मेसेज केला: शेत मिळालं बहुतेक. झुकिनी विसर. पहिली खेप पंधरा दिवसांनी मंगळवारी, पोपट पाच किलो.

दोन मिनिटांत फोन आला. आवाज घाबरलेला होता.

“अगं, पोपट? आपण दूधसुद्धा ठेवत नाही!”

बस तळोधीच्या पुढे जंगलात शिरली आणि रेंज गेली. वालाच्या शेंगांना आमच्याकडे पोपट म्हणतात, हे तिला सांगायला मला सिंदेवाही यावी लागली.